त्वचा-स्निग्धता निवड समिती

सन १९९६च्या मार्च महिन्याच्या मध्यावर, बडोद्याजवळच्या नंदेसरी येथील मेघधनुष डायकेम लिमिटेड या कापडाच्या रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात, 'ब' प्लँटचे सीनियर ऑपरेटर संपतराव यांच्या हातांची कातडी भेगाळली. बाब गंभीर होती, पण तातडीची नव्हती. कातडी संपतरावांची होती.

'ब' प्लँटमध्ये बाराही महिने मे महिना असे. माणूस एकाच वेळी ओला आणि कोरडा कसा राहू शकतो हे ज्याला पाहायचं असेल त्याने तिथे पाच मिनिटं उभं राहावं. वरून घामाची धार, नाकात आंबट वाफ आणि बोटांची सालं निघताहेत. एरवी संपतरावांनी त्याचं काही मनावर घेतलं नसतं. त्यांच्या घराण्यात हातांकडे पाहण्याची पद्धतच नव्हती. पूर्वजांनी संस्थानच्या पलटणीत बंदूक धरली, संस्थान गेल्यावर पुढच्यांनी पान्हा धरला, आणि हात कसे आहेत हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पण एकोणीस मे रोजी त्यांच्या पुतण्याचं, यशराजचं लग्न होतं. यशराजचे वडील पिलाजीराव वारले होते, त्यामुळे नवरदेवाच्या डोक्याला घराण्याचा फेटा बांधण्याचा मान धाकटे काका म्हणून संपतरावांकडे आला होता. फेटा अंजिरी रेशमाचा, शंभर वर्षांचा, पणजोबांना दरबारातून मिळालेला. पिलाजीरावांच्या डोक्याला तोच बांधला होता, संपतरावांच्याही. पाडव्याच्या दिवशी संपतरावांनी सरावाला म्हणून तो पेटीतून काढला. पहिल्याच वेढ्याला एक धागा बोटाच्या भेगेत अडकला आणि वीतभर बाहेर आला. दुसऱ्या वेढ्याला आणखी तीन आले. संपतरावांनी फेटा होता तसा गुंडाळून पेटीत ठेवला आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

मग त्यांनी हातांना खोबरेल लावायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर कुशल यांनी त्यांना मेमो दिला. तेलकट हातांनी व्हॉल्व्ह फिरवणे हा सुरक्षा नियमांचा भंग होता. संपतराव खंडेराव मार्केटसमोरच्या एका दुकानात गेले आणि तेलकट नसलेलं काही तरी मागितलं. बाजार नुकताच जगाला खुला झाला होता. दुकानदाराने काउंटरवर तेवीस डब्या मांडल्या आणि विचारलं, "स्किन कशी छे? ऑइली, ड्राय, नॉर्मल के कॉम्बिनेशन?"

"नॉर्मल माणसाची द्या," संपतराव म्हणाले.

"माणूस नॉर्मल होय तोपण स्किन नॉर्मल नसे ने, काका."

ते संपतरावांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते मार्केटात शिरले आणि एक जुडी कोथिंबीर घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यांनी शेजारी बसलेल्या दामोदरपंतांकडे विषय काढला, आणि इथेच सगळं बिघडलं.

दामोदरपंत हे पर्सोनेल खात्यात हेड क्लार्क होते. मनाने चांगले होते. दोष एवढाच, की त्यांच्या खापरपणजोबांपासून सगळे पुरुष संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकुनी करत आले होते. ज्या मागणीला जावक क्रमांक नाही ती मागणी दामोदरपंतांच्या लेखी माणसाच्या मनात आलेला एक विचार असे, त्याहून जास्त काही नाही. घरी पत्नी वत्सलाबाई चहा हवा का विचारायच्या, तेव्हाही ते क्षणभर थांबून, सर्व बाजूंचा विचार करून "हरकत नाही" म्हणत.

"पंत, आपल्या दवाखान्यात तेलकट नसलेलं एखादं मलम मिळेल का हो? एकच डबी. लग्नापुरती."

"मागितलंत?"

"कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, बघतो, सोमवारी या."

"तोंडी विचारलंत?" दामोदरपंतांना खरोखर वाईट वाटलं. "संपतराव, तुमची कातडी कंपनीच्या सेवेत गेली. तिची भरपाई अशी मागच्या दाराने घ्यायची? रीतसर अर्ज करा. नको, तुम्ही नका करू. मी लिहितो."

सोमवारी कंपाउंडरने खरंच एक ट्यूब काढून ठेवली होती असं नंतर कळलं. पण सोमवारपर्यंत अर्ज झाला होता आणि रीतसर अर्ज चालू असताना तोंडी ट्यूब घेणं दामोदरपंतांना बरं दिसेना. अर्ज मोठा देखणा उतरला होता. 'उष्ण, दमट व प्रदूषित हवेत सातत्याने सेवा बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या त्वचेचे नैसर्गिक स्निग्धत्व लोप पावत असल्याने, सुयोग्य अशा आर्द्रताधारक लेपाची निवड करून तो पुरवण्याचे धोरण आखणे माननीय व्यवस्थापनास उचित वाटावे,' अशी त्याची सुरुवात होती आणि पुढे दीड पान तो वाढत गेला होता.

संपतरावांनी तो दोनदा वाचला. "फार छान आहे. पण यात माझी डबी कुठे आहे?"

"ती अंतर्भूत आहे," दामोदरपंत म्हणाले.

पर्सोनेल मॅनेजर मजमुदारसाहेब हे पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातले गुजराती. मराठी ते हौसेने बोलत आणि मराठी माणसाला ते ऐकावं लागे. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "वाह, दामोदरभाई! एक माणूस डबी मागतो ते फालतू गोष्ट. पण तमे तर पॉलिसी मॅटर बनवून टाकला! फर्स्ट क्लास! पण एक प्रॉब्लेम छे." त्यांनी ड्रॉवरमधून एक फाइल काढली. तीत दर महिन्याला बोर्डाकडे जाणाऱ्या अहवालाची नक्कल होती. कुशलसाहेबांची सही होती आणि सहीच्या वर लिहिलं होतं, "'ब' प्लँटमधील हवा: निर्मळ."

"जूनमध्ये आयएसओ सर्टिफिकेटवाले गोरे येणार. एका फाइलमध्ये हवा निर्मळ, दुसऱ्या फाइलमध्ये हवा प्रदूषित. गोरे विचारेल, बे फाइल छे के बे फॅक्टरी?"

एकाच कचेरीचे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलतात हे दामोदरपंतांना घरातल्या भांडणासारखं लागलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा आणला. हवा ही कंपनीची असते, पण हवामान सरकारचं असतं. तेव्हा 'प्रदूषित हवेत' खोडून 'प्रतिकूल हवामानात' असं करावं. मजमुदारसाहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. त्याच दिवशी त्वचा-स्निग्धता निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष मजमुदारसाहेब, तांत्रिक सदस्य कुशल, सदस्य-सचिव दामोदरपंत. कामगारांचा प्रतिनिधीही घेणार होते, पण समितीच्या बैठकीच्या वेळी कामगार कामावर असत.

पहिल्या बैठकीत ठरलं, की लेप निवडण्यापूर्वी त्वचेचा प्रकार निश्चित करावा. दोनशे बारा कामगारांना फॉर्म वाटले गेले. बहुतेकांनी 'नॉर्मल'पुढे खूण केली. दुसरं काही लिहिलं तर आजारी ठरवून घरी बसवतील अशी त्यांना धास्ती होती. अकरा जणांनी एकही संधी सोडायची नाही म्हणून सगळ्याच प्रकारांपुढे खुणा केल्या. फक्त संपतरावांनी सगळे चौकोन रिकामे ठेवून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "फाटली आहे."

कुशल नुकताच अहमदाबादहून गुणवत्ता व्यवस्थापनाचा तीन दिवसांचा कोर्स करून आला होता. त्याचे डोळे चमकले. "सर, हेच आपलं एकमेव अधिकृत सॅम्पल! याच्यावरच ट्रायल घ्यायची. पण ट्रायल संपेपर्यंत सॅम्पल बदलता कामा नये. आज हा घरी जाऊन तूप लावेल, उद्या बरा होईल, मग आपण निवड कशाच्या आधारावर करणार?"

या मुद्द्यात खोट काढायला जागा नव्हती. संपतरावांना पत्र गेलं. समितीने त्यांना 'नमुना क्रमांक एक' म्हणून मान्यता दिली होती. निवड पूर्ण होईपर्यंत नमुन्याने आपल्या हातांस खोबरेल, तूप, साय, कोरफड अथवा अन्य कोणताही स्निग्ध पदार्थ लावू नये, लावल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. कुशल रोज सकाळी गेटवर त्यांचे हात तपासून रजिस्टरमध्ये 'जैसे थे' असं लिहू लागला.

पत्र द्यायला दामोदरपंत स्वतः प्लँटवर गेले. संपतरावांनी ते वाचलं आणि घडी घातली. "म्हणजे पंत, आता या कारखान्यात दोनशे बारा माणसं आहेत, आणि क्रीम लावायला बंदी फक्त मला."

"निवड होईपर्यंतच."

"निवड कधी?"

"प्रक्रिया सुरू आहे."

"आणि लग्नाची तारीखही सुरूच आहे," संपतराव म्हणाले आणि व्हॉल्व्हकडे वळले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात समितीपुढे पूर्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी आली. ती स्किन कन्सल्टंट होती. त्या वर्षी बडोद्यात असा एक व्यवसाय निघाला होता. तिने वातानुकूलित सभागृहाच्या टेबलावर परदेशी डब्यांची ओळ मांडली. डब्यांवर बर्फाचे डोंगर होते.

"इंटरनॅशनल फॉर्म्युला छे, सर. बर्फाच्या वाऱ्यातपण स्किन एकदम सॉफ्ट."

दामोदरपंतांनी सचिवाला शोभेल अशा नम्रतेने शंका काढली, "पण नंदेसरीला बर्फाचा वारा सुटत नाही."

"तेच तर! बर्फात चालतं, तर इथे तर चालणारच ने?"

समितीने हे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतलं. चाचणीसाठी नमुना क्रमांक एकला बोलावण्यात आलं. संपतराव आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. गार हवेत पाच मिनिटांत त्यांचा घाम वाळला, दहा मिनिटांत बोटांची आग थांबली, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. कुशल घाबरला. लेप न लावताच नमुना सुधारत होता! म्हणजे उद्या कुणी म्हणायचं की क्रीम नकोच, हवाच बदला. मजमुदारसाहेबांनी तो धोका तात्काळ ओळखला. नमुन्यास वातानुकूलित कक्षात प्रवेश नाही, असा ठराव एकमताने झाला. आता डब्या वितळू नयेत म्हणून कक्षाबाहेर नेता येत नव्हत्या आणि नमुना आत आणता येत नव्हता. तेव्हा चाचणी सदस्यांनी स्वतःवर घ्यावी, असं जड अंतःकरणाने ठरलं.

सदस्यांनी ही जबाबदारी मनापासून पार पाडली. दर आठवड्याला नव्या डब्या येत. निष्कर्ष व्यापक असावेत म्हणून त्या बर्फाच्या पिशवीत घालून कुटुंबीयांपर्यंतही पोचू लागल्या. मजमुदारसाहेबांच्या सासूबाईंच्या कोपरांवर एक स्वतंत्र टिपण तयार झालं. वत्सलाबाईंच्या गालांवर तर अशी तकाकी आली, की शेजारणी कारण विचारू लागल्या. "घाई करू नका हं समितीची," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सगळं नीट तपासून घ्या." दामोदरपंतांचे हातही बदलले. तीस वर्षं कागद उलटून उलटून शुष्क झालेली बोटं लहान मुलासारखी झाली. ते बैठकीत बोलता बोलता नकळत एका हातावरून दुसरा हात फिरवत.

मे उजाडला तेव्हा मात्र त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. रोज बसमध्ये संपतराव शेजारी बसत आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवत, कारण मुठी मिटल्या की भेगा उलत. ते काही बोलत नसत आणि तेच दामोदरपंतांना सोसवत नसे. एका संध्याकाळी त्यांनी आपल्या वाटणीची एक डबी पिशवीत घातली आणि द्यायचीच असं ठरवून बसमध्ये चढले. वाटेत छाणीच्या रेल्वे फाटकाशी त्यांनी ती अर्धी बाहेर काढली. मग त्यांना आठवलं, की डबी त्यांच्या नावावर चढलेली आहे. ती दिली तर नमुना दूषित होणार. नमुना दूषित झाला तर सहा आठवड्यांची नऊ इतिवृत्तं रद्द होणार, आणि ती सगळी त्यांच्या अक्षरात होती. एका माणसाचे दोन हात एका बाजूला आणि नऊ इतिवृत्तं दुसऱ्या बाजूला, असा तो प्रश्न होता. त्यांनी डबी परत आत सरकवली.

"काही पडलं का, पंत?"

"नाही, नाही. जेवणाचा डबा."

संपतरावांनी पिशवीकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पंधरा मे रोजी निवड झाली. स्पर्श, सुगंध आणि डबीची शोभा या तिन्ही निकषांवर एक परदेशी लेप सर्वोत्तम ठरला. आता एकच डबी, केवळ औपचारिकता म्हणून, 'ब' प्लँटमध्ये पाठवण्यात आली. तिथे पाव तासात तिचं पाणी झालं आणि झाकणावरचा बर्फाचा डोंगर पिवळा पडला. त्यावर कुशलने टिपण लिहिलं. लेप उत्तम होता आणि हवा निर्मळ होती, तेव्हा दोष साठवणुकीचा होता. सबब सदर लेप वातानुकूलित जागीच ठेवावा व वातानुकूलित जागीच लावावा. आदेश निघाला. ज्यांची बसायची जागा वातानुकूलित आहे अशा चौदा अधिकाऱ्यांना व समितीच्या सचिवांना दरमहा दोन डब्या मंजूर झाल्या. इतर कर्मचाऱ्यांसाठी एक परिपत्रक निघालं, त्यात भरपूर पाणी पिण्याचा व प्रसन्न राहण्याचा सल्ला होता. शेवटच्या परिच्छेदात नमुना क्रमांक एकची आठवण ठेवली होती. दर वर्षी निवडीचा आढावा घ्यायचा असल्याने नमुन्याची स्थिती तोवर कायम राखावी, असं त्यात म्हटलं होतं.

एकोणीस मे हा रविवार होता. लग्न शहराच्या गोरवा भागात एका समाजाच्या वाडीत, म्हणजे तिकडच्या मंगल कार्यालयात होतं. दामोदरपंत सपत्नीक हजर होते. मुहूर्ताला पाऊण तास उरला होता आणि आत खोलीत यशराज उघड्या डोक्याने पाटावर बसला होता. समोर अंजिरी रेशमाची घडी होती आणि संपतराव भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभे होते.

"काका, तुम्हीच बांधा," यशराज म्हणाला. "निघू देत धागे निघाले तर."

"तुझ्या बापाच्या डोक्याला बांधलेलं आहे ते. मी हात लावणार नाही," संपतराव म्हणाले.

नवरदेवाच्या आई रखमाबाईंनी मग कारभार हाती घेतला. खोलीतल्या सगळ्या पुरुषांना त्यांनी ओळीत उभं केलं आणि रेशमाचा एक पदर प्रत्येकाच्या तळव्यावरून ओढून पाहिला. भाऊबंदांपैकी प्रतापसिंह गोरव्याच्या वर्कशॉपात लेथवर होते, त्यांच्या तळव्याला पदर चिकटूनच बसला. मल्हारराव फाउंड्रीत होते, त्यांच्या अंगठ्याने दोन धागे काढले. त्या घराण्याचे हात सगळे तसेच होते. ओळीच्या शेवटी, चुकून उभे राहिल्यासारखे, दामोदरपंत होते. पदर त्यांच्या तळव्यावरून पाण्यासारखा गेला. जे समितीला सात आठवड्यांत जमलं नाही ते रखमाबाईंनी दीड मिनिटात केलं.

"तुम्ही बांधा," त्या म्हणाल्या. "हात कुणाचे का असेनात, सांगणारा घरचा आहे."

मग दामोदरपंतांनी फेटा बांधला. संपतराव एक पाऊल मागे उभे राहून सांगत होते, हात पाठीमागेच. "कानावरून घ्या. हलक्या हाताने, पंत. आता पीळ द्या. तिथे बोटाने दाबा. पिलाजीदादांच्या वेळी इथेच सुटला होता." दामोदरपंतांच्या बोटांखाली एक धागा इकडचा तिकडे झाला नाही. शेवटचा तुरा वर उभा राहिला, यशराजने मान हलवून पाहिली, बायकांनी कौतुक केलं. रखमाबाईंनी दामोदरपंतांचा उजवा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला.

"काय मऊ हात आहेत हो! काय लावता तरी काय? आमच्या भाऊजींनाही सांगा की त्याचं नाव. बिचारे कंपनीत विचारून विचारून दमले."

दामोदरपंतांनी हात सोडवून घेतला आणि खिशात घातला. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"वहिनी, असं तोंडी नसतं विचारायचं," संपतराव मागून शांतपणे म्हणाले. "रीतसर अर्ज करावा लागतो."

सगळी खोली हसली. दामोदरपंतही हसले, कारण न हसणं फार वाईट दिसलं असतं. बाहेर बँड सुरू झाला आणि सगळे मांडवाकडे गेले. सोमवारी सकाळी साडेनऊला कचेरीच्या गार खोलीत बसून दामोदरपंतांनी रोजच्याप्रमाणे डबीचं झाकण काढलं, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि मग लावलं. हातांना आता सवय झाली होती.

तुम्ही एव्हाना त्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले असतील. जरूर सुनावा, त्यांच्या जागी मी असतो तर डबी दिली असती असंही म्हणा. पण त्या दिवशी तुम्ही त्या ओळीत उभे असता आणि रखमाबाई तो पदर घेऊन तुमच्यापर्यंत आल्या असत्या, तर रेशीम तुमच्याही तळव्यावरून एक धागा न निघता पलीकडे गेलं असतं.